नोकरी मुंबईत, लेकरं कुठं?



घरात नव्या नोकरीची बातमी आली की आधी पगार विचारला जातो. मग गाव कुठलं, जायचं कधी, राहायची सोय काय, अशी चौकशी होते. लेकरांचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी निघतो आणि तो थेट बाईच्या पदरात पडतो. सगळ्यांनी मिळून जायचं, का घरधन्यानं पुढं जायचं आणि आपण पोरंबाळं, म्हातारी माणसं सांभाळत मागं राहायचं?

आपल्या आजीला, पणजीलाही हाच प्रश्न पडला होता. तिनं तो कसा सोडवला आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते आज मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासातून बघूया. कारण महाराष्ट्रातली हजारो घरं नोकरीसाठी पहिल्यांदा हलली ती या गिरण्यांकडं.

मुंबईत कापड गिरणीची पहिली कंपनी १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला तिचं काम सुरू झालं. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड, वरळी हा सगळा भाग गिरण्यांच्या चिमण्यांनी भरून गेला. त्यालाच लोक गिरणगाव म्हणू लागले. कामाला माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता. घाटावरून सातारा, पुणे, कोल्हापूरकडचेही आले. कोकणातला माणूस बोटीनं यायचा, घाटावरचा आगगाडीनं. जमीन थोडी, तीही पुष्कळदा खोताची किंवा सावकाराकडं अडकलेली. शेतात पिकायचं ते वर्षभर पुरायचं नाही. रोख पैसा मिळायचा तो मुंबईत.

पण नोकरी लागली म्हणजे लगेच बिऱ्हाड थाटता आलं, असं नव्हतं. नवीन माणूस बहुधा बदली कामगार म्हणून लागायचा. रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायमचा कामगार आला नाही तर काम, आला तर माघारी. काम द्यायचं का नाही, ते जॉबरच्या हातात. पगार महिन्याचा आणि तोही मागाहून. एक तारखेला कामाला लागलेल्या माणसाला पहिला पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर, म्हणजे जवळजवळ सहा आठवड्यांनी मिळायचा. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं कर्ज. पोरंबाळं बरोबर आणली तर ती सहा आठवडे खाणार काय? पगार किती दिवसांत द्यावा याचा कायदा झाला तो १९३६ साली. त्यानं ही मुदत मोठ्या कारखान्यांत महिना संपल्यावर दहा दिवसांवर आणली आणि लहान कारखान्यांत सातवर.

म्हणून पुरुष एकटाच आला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे ढोबळ मानानं दोन पुरुषांमागे एक बाई. बाकीच्या बायका कुठं होत्या? गावाकडं.

एकेका खोलीत एकाच गावचे दहा-वीस-तीस गडी राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळं एक झोपायचा तेव्हा दुसरा कामावर. भिंतीला ज्याची त्याची ट्रंक. जेवण खाणावळीत. ही खाणावळ म्हणजे पुष्कळदा शेजारच्या खोलीतली एखादी बाईच. आपल्या घरच्या चुलीवर ती दहा-पंधरा माणसांचं जेवण महिन्याच्या बोलीवर रांधायची.

आता मागं राहिलेल्या घराकडं बघू. टपाल खात्यानं १८८० साली मनिऑर्डर सुरू केली आणि गिरणगावातून कोकणात, घाटावर पैसे जाऊ लागले. गावात त्या घराला मुंबईवाल्याचं घर म्हणून मान मिळायचा. पण मनिऑर्डर नेहमी वेळेवर येईल असं नव्हतं आणि आली तरी ती सगळ्याला पुरत नव्हती. भाताची लावणी, बेणणी, कापणी, गुरं, सरपण, पाणी, सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं, मुलांची आजारपणं, सावकाराचा तगादा, हे सगळं बाईच्या अंगावर. धनी घरी यायचा तो गणपतीला, शिमग्याला किंवा कापणीला. पोरं बापाला ओळखायची ती त्या आठ-पंधरा दिवसांपुरती.

मैत्रिणींनो, इथं जरा हिशेब मांडून बघा. गिरणीमालक पगार ठरवायचा तो एका गड्याच्या पोटापुरता. मुंबईत संसार चालेल इतका पगार बहुतेकांना नव्हता. मग कामगाराची मुलं वाढवली कुणी? गावातल्या बाईनं. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, संपावर गेला, तर त्याला पोसला कुणी? गावातल्या घरानं, म्हणजे पुन्हा तिनंच. तीच मुलं मोठी झाली की गिरणीला नवे कामगार तयार. मुंबईच्या गिरण्या जेवढ्या कापसावर आणि वाफेवर चालल्या, तेवढ्याच या बायकांच्या बिनपगारी कष्टावर चालल्या. गिरणीच्या वहीत मात्र त्या कष्टाची ओळ कुठंच नव्हती.

काही बायका मात्र मुलांना घेऊन मुंबईला आल्या. कुणाचा नवरा वारला होता, कुणाची गावातली जमीन गेली होती, कुणाला गावात आधारच उरला नव्हता. कुणाच्या घरधन्याला कायमची नोकरी मिळाली होती. त्यांच्या वाट्याला आली एक खोली. मुंबई सरकारनं १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बीडीडी चाळी बांधल्या. सगळ्या मिळून २०७ इमारती, एकेका इमारतीत ८० खोल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सगळ्या मजल्याला मिळून. त्या एका खोलीत संसार, बाळंतपण, आजारपण, पाहुणारावळा. वर भाडं भागावं म्हणून एक-दोन पोटभाडेकरू.

याची झळ सगळ्यात आधी तान्ह्या बाळांना लागली. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या घरांत हजार जन्मांमागे आठशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत गेली, अशी सरकारी नोंद आहे. ऐकूनच पोटात गोळा येतो. पण या आकड्याला आणखी एक बाजू आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जायच्या, त्यामुळं जन्माची नोंद गावात व्हायची किंवा व्हायचीच नाही. मग बाळाला घेऊन ती मुंबईला परत आली आणि बाळ गेलं, तर मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणून आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला दिसतो. फुगवटा वजा केला तरी परिस्थिती भयंकरच होती. आणि त्या फुगवट्यातूनही हेच दिसतं की कामगाराच्या बाळाचं आयुष्य दोन गावांत वाटलेलं होतं.

त्या काळात गिरणीतल्या दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. रिळिंग आणि वाइंडिंगच्या खात्यांत त्या जास्त असायच्या. मूल सांभाळायला घरी कुणी नसेल तर काय करायचं? शेजारची म्हातारी, आठ-दहा वर्षांची थोरली मुलगी, नाहीतर अफूची बाळगोळी. बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून ही गोळी दिली जायची. सरकारनं नेमलेल्या एका डॉक्टर बाईंनी १९२२ च्या सुमारास पाहणी केली. गिरणीत जाणाऱ्या बहुतेक सगळ्या आया बाळाला अफू देतात, असं त्यांना आढळलं. त्या आयांना दोष देणं सोपं आहे. पण बाळाला सोबत न्यायला जागा नाही आणि खाडा केला तर पगार नाही, अशा बाईपुढं दुसरी वाट कुठली होती, हेही विचारायला हवं.

थोरल्या मुलांची गोष्ट निराळी. ती गिरणीत कामालाच जायची. १८८१ च्या कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली. म्हणजे सात वर्षांचं पोर चालत होतं, रोज नऊ तास! १८९१ मध्ये वयाची अट नऊ झाली, १९२२ मध्ये बारा.

हे बदल आपोआप झाले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. संसारी बाईला ही सुट्टी किती मोलाची, ते सांगायला नको. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली आला. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे भत्ता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात या विधेयकाची बाजू मांडली होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५० हून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ही अट ३० वर आली.

पण याची दुसरी बाजूही आपण ओळखून असावी. बाईला घेतलं की भत्ता द्यावा लागतो, पाळणाघर काढावं लागतं, रात्रपाळी लावता येत नाही, असं म्हणत मालकांनी हळूहळू बायकाच कमी केल्या. नवी यंत्रं आली तेव्हा बायकांची खाती आधी आक्रसली. मूल सांभाळण्याचा खर्च फक्त बाईच्या नावावर टाकला की नोकरी बाईचीच जाते, हा गिरणगावचा धडा आहे.

खाणावळवाल्या बायकांनी मात्र आपली वाट काढली. प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानं १९७५ साली त्या एकत्र आल्या आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. चुलीपुढचं काम म्हणजेही धंदा, हे बँकेला मान्य करावं लागलं. आपल्या बचत गटांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

मग आला १९८२ चा संप. १८ जानेवारीला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. महिने गेले, वर्ष गेलं. किती तरी घरांनी मुलांची नावं मुंबईच्या शाळेतून काढली आणि बिऱ्हाड गावी आणलं. लालबागच्या चाळीत वाढलेली मुलं एकाएकी गावच्या शाळेत बसली. पुन्हा गावानं सांभाळलं आणि गावात पुन्हा बाईनं.

आज गिरण्या नाहीत, पण घरं हलतातच. कुणी पुण्याला, चाकणला कंपनीत जातं, कुणी सुरतेला, कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला. ऊसतोडीत तर कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती त्या जोडीला. मुलं मात्र हिशेबात नसतात. शंभर वर्षांपूर्वीची गिरणीची वही आठवते ना?

तेव्हा नोकरीसाठी घर हलवायचं ठरलं तर वहीत त्या ओळी आपण स्वतः लिहायच्या. पहिला पगार हातात येईपर्यंत किती दिवस जातील आणि तोवर खर्च कशातून चालेल? दिवसभर मूल कोण सांभाळेल? नव्या गावात शेजार कुणाचा? एकट्यानं जायचं ठरलं, तर मागं राहणाऱ्या बाईच्या कामाचं मोल काय आणि महिन्याला तिच्या हातात किती रक्कम येणार? हे सगळे मिळून ठरवा. तिला शेवटी नुसतं सांगू नका.

दोन-तीन हक्कही लक्षात असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्षाच्या मधेही प्रवेश मिळतो. रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर नव्या गावातल्या दुकानातही धान्य मिळतं. थोडं धान्य गावी आणि थोडं तिकडं, असंही घेता येतं. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ पासूनचा कायदा सांगतो. यात बायका किती, हे मोजायचं नाही. माणसं मोजायची. गिरणगावचा धडा कायद्याला इतक्या वर्षांनी निदान एवढा तरी उमगला.

पुढच्या बैठकीत गटातल्या म्हाताऱ्या बायांना बोलतं करा. त्यांच्या घरातलं कोण मुंबईला गेलं होतं, मनिऑर्डर कधी यायची, आली नाही तर चूल कशी पेटायची? त्या सांगतील ते कुणीतरी उतरवून घ्या. गिरण्यांच्या इतिहासात त्यांचं पान अजून पुरतं लिहिलेलं नाही, आणि ते सांगणाऱ्या बाया दिवसेंदिवस कमी होत चालल्या आहेत.