टेबलाभोवती कोण बसलं होतं?

मागच्या वेळी आपण खासगीपणाची व्याख्या करता येते का, यावर बराच वेळ घालवला. आज व्याख्या बाजूला ठेवू आणि साधा प्रश्न विचारू: ही व्याख्या करायला बसलं होतं कोण?

सुरुवात १८९० ची. बॉस्टनमधले दोन वकील, वॉरन आणि ब्रँडाइस, यांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात प्रसिद्ध लेख लिहिला. लेख मोठाच आहे, आम्ही तो वर्षानुवर्षं शिकवला. पण त्यातली तक्रार कोणाची, ते बघा. वर्तमानपत्रं घरगुती गोष्टी छापतात, कॅमेरेवाले फोटो काढतात. ही प्रतिष्ठित घरातल्या माणसाची तक्रार. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

आता १९५६ मधलं अलाबामा. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे राज्य सरकारनं सभासदांची यादी मागितली. बाकीची बरीच कागदपत्रं संघटनेनं दिली, पदाधिकाऱ्यांची नावंसुद्धा दिली. साध्या सभासदांची नावं मात्र दिली नाहीत. एक लाख डॉलर दंड झाला तरी दिली नाहीत. का? तर पूर्वी ज्यांची नावं बाहेर आली, त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्यांना मारहाणीच्या धमक्या आल्या होत्या. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं संघटनेच्या बाजूनं निकाल दिला. इथे खासगीपणा म्हणजे घराचा पडदा नव्हे, चूल पेटती राहण्याची अट आहे. बॉस्टनच्या दिवाणखान्यात बसून हे सुचणं अवघडच होतं.

मग येते १९७२-७३ ची समिती. अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचे मंत्री एलियट रिचर्डसन यांनी ती नेमली. सरकारी नोंदी संगणकावर चालल्या होत्या, त्यांचं काय करायचं हा विषय. अध्यक्ष विलिस वेअर, रँड संस्थेतले संगणक अभियंते. पण टेबलाभोवती नुसते अभियंते नव्हते. संख्याशास्त्रज्ञ गर्ट्रूड कॉक्स होत्या, एलायझा हा बोलका प्रोग्रॅम लिहून पुढे संगणकाचेच टीकाकार झालेले वायझेनबाउम होते, यंत्रकामगारांच्या युनियनचे माजी अध्यक्ष सीमिलर होते आणि रुग्णालय चालवणाऱ्या कृष्णवर्णीय प्रशासक फ्लॉरेन्स गेनर होत्या.

अहवालातलं अमुक वाक्य अमुक सदस्याचं, असं आम्ही म्हणत नाही. पण त्याची तत्त्वं वाचा. गुप्त नोंदवही असता कामा नये. माझ्याबद्दल काय लिहिलंय आणि ते कशाला वापरतात, हे मला कळलं पाहिजे. एका कामासाठी घेतलेली माहिती माझ्या संमतीशिवाय दुसऱ्या कामाला लावायची नाही. चूक असेल तर मला ती दुरुस्त करता आली पाहिजे. हे खिडकीच्या अलीकडे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे प्रश्न आहेत. प्रत्येक नागरिकाला एकच सार्वत्रिक क्रमांक देण्यालाही समितीनं विरोध केला. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, कायदा झाला. पण तो केंद्रीय सरकारी खात्यांपुरता. खासगी कंपन्या त्यातून सुटल्या, आणि ती सूट पुढे फार महागात पडली.

आता खासगीपणा हा एक व्यवसाय झालाय. त्याची मोठी संघटना, आयएपीपी, २००० सालची. अशा संघटनांत स्वयंसेवकांची सल्लागार मंडळं असतात, विविधतेसाठीही असतात. काही मंडळी याला शोभेचं काम म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईचा पत्ता ॲपनं आपोआप दाखवला तर काय होईल, हा प्रश्न नियमपुस्तिकेतून उठत नाही. तो विचारणारं कोणीतरी खोलीत असावं लागतं.

अडचण वेगळीच आहे. हे काम बिनपगारी, नोकरी सांभाळून, रात्रीच्या बैठकांत होतं. आणि ते बहुधा त्यांच्याच गळ्यात पडतं, ज्यांना आपापल्या कचेरीतही 'तुमच्या लोकांचं मत काय' म्हणून विचारलं जातं. वर मंडळाचा अधिकार सल्ल्यापुरता. सल्ला मानला नाही तर निदान का मानला नाही, याचं लेखी उत्तर मंडळाला मिळावं, एवढा नियम तरी करायला हरकत नाही. त्याला पैसा लागत नाही.

बरं, प्रश्न असतील तर घेऊ या.