फ्लूच्या विषाणूचा नकाशा

इन्फ्लुएन्झाच्या लशीचा इतिहास हा बऱ्याच अंशी लस जुनी होत जाण्याचाच इतिहास आहे. लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९३३ साली फेरेट या छोट्या मांसाहारी प्राण्याच्या साहाय्याने माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला, आणि पुढच्या दशकात थॉमस फ्रान्सिस व जोनास सॉल्क यांनी अमेरिकी सैन्यासाठी निष्क्रिय विषाणूंची लस सिद्ध केली. सुरुवातीच्या वर्षांत उपयोगी पडलेली ही लस १९४७ च्या साथीत मात्र निष्प्रभ ठरली, कारण मधल्या काळात विषाणूचे बाह्य रूप इतके पालटले होते की लशीने शरीरात निर्माण केलेली प्रतिपिंडे त्याला ओळखेनाशी झाली. विषाणूवर जगभर पाळत ठेवण्याची गरज अशा अनुभवांतून पटली, आणि १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रयोगशाळांचे जाळे उभारले. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आज याच जाळ्यातील भारताचे राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्र आहे.

या पाळतीचे मुख्य साधन जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये केलेल्या एका निरीक्षणातून मिळाले. फ्लूचा विषाणू आपल्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाद्वारे तांबड्या रक्तपेशी एकमेकींना जोडतो, आणि रक्तद्रवात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील तर ही जोडणी रोखली जाते. बारीक खळग्यांच्या तबकडीत फेरेटचा रक्तद्रव दर खळग्यागणिक दुप्पट पातळ करीत नेला जातो. पेशी तळाशी लाल ठिपका धरून बसल्या तर प्रतिपिंडे प्रभावी, आणि पेशींचा विरळ थर खळगाभर पसरला तर ती अपुरी, असा त्याचा अर्थ होतो. ज्या विरलतेपर्यंत ठिपका टिकतो, तो आकडा तक्त्यात नोंदला जातो. चाचणी स्वस्त व सोपी असल्याने असे तक्ते दशकानुदशके साठत गेले. परंतु त्यांत विसंगती आणि रिकाम्या जागा पुष्कळ असल्याने तज्ज्ञ ते अनुभवाच्या बळावर, नजरेनेच वाचत. उणीव माहितीची नव्हती, वाचनाच्या पद्धतीची होती.

ही पद्धत गणिताने आणि संगणकाने पुरवली. गावागावांतील अंतरांचे कोष्टक हाती असले की गावांच्या जागा ठाऊक नसतानाही नकाशा काढता येतो. तद्वत रक्तद्रव व विषाणू यांच्यातील प्रतिक्रियेचा आकडा हे ‘अंतर’ मानून विषाणूंचा नकाशा काढता येईल, हा विचार लॉस अलामोस येथील ॲलन लॅपिडीस आणि रॉबर्ट फार्बर यांनी मांडला. डेरेक स्मिथ, लॅपिडीस आणि रॉटरडॅमच्या इरास्मस वैद्यकीय केंद्रातील रॉन फूशिए प्रभृतींनी १९६८ ते २००३ या काळातील एच३एन२ जातीचे २७३ विषाणू त्या पद्धतीने मांडून २००४ साली नकाशा प्रसिद्ध केला, आणि त्यात विषाणूंचे ११ पुंजके दिसले. जनुकांमधील बदल बऱ्यापैकी सावकाश साचत असताना प्रतिपिंडांना जाणवणारे रूप मात्र टप्प्याटप्प्याने, उडी मारल्यासारखे पालटते, आणि क्वचित एकाच अमिनो आम्लाचा बदल त्या उडीला पुरतो, हे यातून स्पष्ट झाले. संगणकाचे खरे यश येथे आहे. त्याने फेरेटचा रक्तद्रव आणि रक्तपेशी बाजूला सारल्या नाहीत, जुन्या तक्त्यांना प्रथमच बोलते केले.

भविष्य वर्तवणे याहून अवघड होते. उत्तर गोलार्धासाठी लशीतील विषाणू फेब्रुवारीत ठरवावे लागतात, कारण कोंबडीच्या अंड्यांत ते वाढवून लस तयार होण्यास निदान सहा महिने जातात. मार्ता वुक्शा आणि मिखाएल लेसिग यांनी २०१४ मध्ये, जनुकीय क्रमांवरून पुढील वर्षी कोणती शाखा फोफावेल याचा अदमास बांधणारे प्रारूप मांडले. त्याच वर्षी निवडलेला एच३एन२ विषाणू पुढील हिवाळ्यात पसरलेल्या विषाणूशी जुळला नाही, आणि अमेरिकेत लशीची एकूण परिणामकारकता सुमारे १९ टक्के एवढीच भरली.

एचआयव्हीच्या बाबतीत, विषाणूचा पुढचा बदल ओळखण्याऐवजी, उलट दिशेची वाट धरली गेली. बेट कॉर्बर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली, निसर्गात जशीच्या तशी न आढळणारी ‘मोझेक’ प्रथिने संगणकावर रचली. रोगग्रस्त पेशी ओळखणाऱ्या टी-पेशींना जगभरच्या विषाणूंचे शक्य तितके तुकडे परिचित व्हावेत, हा त्यामागील हेतू होता. रचना कल्पक होती, परंतु त्या प्रथिनांवर आधारित लशीने दक्षिण आफ्रिका व आसपासच्या देशांतील सुमारे २,६०० स्त्रियांवरील चाचणीत पुरेसे संरक्षण दिले नसल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले, आणि युरोप आणि उत्तर व दक्षिण अमेरिकेतील दुसरी मोठी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये थांबवण्यात आली.