शृंगार, श्लेष आणि सभ्यता

लावणीचें नांव निघालें कीं आमचा सुशिक्षित वर्ग किंचित् दचकतो. इंग्रजी मॅड्रिगलविषयीं मात्र तोच वर्ग आदरानें बोलतो. वस्तुतः खट्याळपणा दोहोंच्याही अंगीं आहे. १५८८ सालीं लंडनमध्यें इटालियन मॅड्रिगलांचा संग्रह इंग्रजी शब्दांसह छापला गेला आणि सुखवस्तु मंडळी हौसेनें तीं एकत्र बसून गाऊं लागली. त्या गीतांत प्रियकराचें ‘मरण’ वारंवार येतें. तें स्मशानांतलें नव्हे, शय्येवरचें, हें जाणत्यांस कळे. सतराव्या शतकांतील ‘कॅच’ तर याहून धीट. त्यांत एकामागून एक आवाज मिसळत. प्रत्येकाचे शब्द साळसूद, परंतु ते एकमेकांत गुंतले कीं भलताच अर्थ कानीं पडे. चर्चसाठीं गंभीर भक्तिसंगीत रचणाऱ्या हेन्री पर्सेलनेंही असे कॅच रचिले, आणि त्यामुळें त्याची थोरवी उणावली नाहीं.

आमच्याकडे सोलापूरचा राम जोशी घ्या. उत्तर पेशवाईंतील हा संस्कृतज्ञ ब्राह्मण तमाशाच्या फडांत रमला, त्यानें रंगेल लावण्या रचिल्या, आणि मोरोपंतांच्या आर्याही त्यानेंच कीर्तनांतून लोकांच्या ओठीं रुळविल्या. तेथून जवळच, धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापुरीं भवानीचा गोंधळी संबळाच्या तालावर आख्यान सांगतां सांगतां साथीदाराशीं थट्टामस्करी करितो. भक्ति आणि हंशा यांस एका अंगणांत नांदविणें या मुलुखाला अवघड वाटलें नाहीं.

तथापि एक भेद आम्हांस दृष्टीआड करतां येत नाहीं. इंग्रजी श्लेष स्वरांच्या गुंफणींत लपतो. बैठकीच्या लावणींतला श्लेष गाणारणीच्या नजरेंत आणि हाताच्या अदेंत प्रकट होतो. तेथें गाणारे व ऐकणारे बहुधा एकाच पंक्तीचे. येथें रचणारा व ऐकणारा पुरुष, आणि बदनामी मात्र गाणाऱ्या स्त्रीच्या व तिच्या जातीच्या पदरीं. कॅच गाणारा सद्गृहस्थ घरीं परते तो सद्गृहस्थच राही. लावणी गाणारीला तें भाग्य नव्हतें.

म्हणून लावणी अश्लील कीं कलात्मक, हा वाद आम्हांस अपुरा वाटतो. शब्दांतला चावटपणा समाज सहज पचवितो. तो कोणाच्या मुखांतून आला, यावरच त्याची सभ्यता ठरते. लावणीचा न्याय करूं पाहणाऱ्यानें आधीं त्या बैठकींतल्या श्रोत्यांची साक्ष काढावी.