कसडोलचे कोठार आणि रायपूरची छावणी

रायपूरच्या सदर बाजारातून कोतवालीपर्यंत आणि कोतवालीवरून मालवीय रस्त्याने जयस्तंभ चौकापर्यंत जायचे म्हटले, तर चालत्या माणसाला फार वेळ लागत नाही. एका टोकाला सोन्याचांदीच्या पेढ्या, लाल कापडात बांधलेल्या वह्या आणि मुनिमांच्या गाद्या. दुसऱ्या टोकाला तो चौक, जिथे सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांना कंपनी सरकारने १० डिसेंबर १८५७ रोजी देहान्त शासन दिले, असे शहराची परंपरा सांगते. बाजाराचे आणि वधस्थानाचे हे सान्निध्य मला अर्थपूर्ण वाटते, कारण ज्या लढाईचा शेवट त्या चौकात झाला, तिचा प्रारंभही एका व्यापाऱ्याच्या दारात, त्याच्या धान्याच्या कोठारापाशी झाला होता.

ही हकीकत परप्रांतातली म्हणून मराठी वाचकाने बाजूला ठेवावी, असा मुळीच प्रकार नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्कर राम कोल्हटकर पूर्वेकडच्या स्वारीवर निघाले असता वाटेत रतनपूरपुढे येऊन उभे राहिले, वृद्ध हैहयवंशी राजाने शरणागती पत्करली, आणि शतकानुशतके चालत आलेले कलचुरी राज्य मराठ्यांच्या अंमलाखाली गेले. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरासच राहिले. त्यांनी टेकडीवर बांधलेले रामाचे मंदिर आजही तिथे उभे आहे. बिंबाजींच्या मागे, १७८७ पासून, नागपूरहून सुभेदार येऊ लागले, आणि त्यांपैकी विठ्ठल दिनकरांनी जुन्या गढांची व्यवस्था मोडून मुलखाचे परगणे पाडले. प्रत्येक परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणवीस, आणि गावोगाव गौटिया, अशी ती मांडणी होती. खालसा मुलूख असा वहीत बांधला गेला. डोंगराळ आणि रानमुलूख मात्र पिढीजात जमीनदारांकडेच राहिला. जमीनदाराने वर्षाकाठी टाकोळी भरावी, हुजुराचे बोलावणे आले तर माणसांनिशी हजर व्हावे, आणि एरवी आपल्या रानात आपल्या लोकांचा न्यायनिवाडा आपणच करावा, असा शिरस्ता पडून गेला होता. टाकोळीची ही वही मराठी कारकुनांच्या हातची होती, आणि पुढे जे घडले त्याचा एक धागा त्या वहीतूनच निघतो.

१८१८ मध्ये सीताबर्डीच्या पराभवानंतर तिसऱ्या रघुजींच्या अज्ञानपणी इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला, आणि त्या काळात कॅप्टन अ‍ॅग्न्यू यांनी छत्तीसगढचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. १८३० मध्ये राज्य भोसल्यांकडे परत आले, तेव्हा नागपूरचे जिलेदार रायपुरास राहू लागले. जुनी वस्ती खारून नदीच्या आणि बुढा तलावाच्या बाजूस होती, नवे शहर त्याच सुमारास आकार घेऊ लागले, आणि दप्तर आले तसे सावकार, सराफ, कापडवाले, वकील आणि मराठी लेखणीची घराणीही आली. शहरातला तात्यापारा हा भाग अजूनही आपल्या नावानिशी त्या काळाची साक्ष देतो. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीने दत्तक नाकारला, आणि १८५४ मध्ये सगळे राज्यच खालसा झाले. नागपूरच्या वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल गेले आणि भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विकले गेले, ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकदा सांगितली गेली आहे. परंतु त्याच वेळी रायपुरात एक शांत बदल घडला, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. शेवटचे मराठे जिलेदार गोपाळराव आनंद यांनी आपला कारभार कॅप्टन इलियटच्या हवाली केला, आणि ते स्वतः नव्या अंमलात एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून रुजू झाले. सत्ता पालटली, पण टाकोळीची वही बरीचशी त्याच हातांत राहिली. फरक इतकाच की, पूर्वी दुष्काळ पडला तर नागपूरच्या दरबारात जाऊन रडगाणे गाता येत असे आणि सूट मिळण्याची काही आशा तरी असे, आता रकमा ठरल्या त्या ठरल्या.

सोनाखान हे महानदीच्या दक्षिणेस, जोंक नदीच्या खोऱ्यातले, रानाने वेढलेले ठिकाण. तिथले जमीनदार रामराय यांनी १८१८-१९ च्या सुमारास इंग्रज अंमलाविरुद्ध हत्यार उचलले होते, आणि त्याची किंमत त्यांना जमिनीच्या रूपाने द्यावी लागली होती. १८३० मध्ये त्यांचे पुत्र नारायणसिंह गादीवर आले. १८५६ मध्ये पाऊस फसला आणि रानातल्या लोकांच्या घरात दाणा उरला नाही. कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याकडे मात्र धान्याची कोठारे भरलेली होती. नारायणसिंहांनी प्रथम उधारीवर धान्य मागितले; शेतकऱ्यांना सुगीत ते व्याजासकट फेडता येईल, अशी बोली होती. व्यापाऱ्याने नकार दिला. तेव्हा त्यांनी कोठार उघडले, लोकांना धान्य वाटले, आणि जे केले ते आपणच होऊन रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला कळवले.

या शेवटच्या कृत्याकडे मी वाचकांचे लक्ष विशेष करून वेधू इच्छितो. दरोडेखोर आपल्या दरोड्याची वर्दी सरकारात देत नाही. नारायणसिंहांच्या मनात राजधर्माची जी कल्पना होती, ती भोसल्यांच्या आणि त्यांच्याही आधीच्या काळापासून चालत आलेली होती. रयत उपाशी असताना धान्य अडवून धरणारा दोषी, आणि ते सोडवणारा जमीनदार आपले कर्तव्य करणारा, हे त्यांना इतके स्वयंसिद्ध वाटत होते की, ते सरकारासही तसेच वाटेल असे त्यांनी गृहीत धरले. सरकारच्या लेखी मात्र व्यापाऱ्याची मालमत्ता हीच काय ती पवित्र वस्तू होती. याच राज्यकर्त्यांच्या अमलाखाली जेमतेम दहा वर्षांपूर्वी आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून लाखो माणसे मेली, आणि त्याच काळात तिथल्या बंदरांतून धान्य आणि गुरे शस्त्रधारी पहाऱ्यात परदेशी जात राहिली. बाजाराच्या व्यवहारात हात घालू नये, हे तत्त्व तिथेही माणसांच्या प्राणांपेक्षा मोठे ठरले होते. माखनची फिर्याद रायपुरात दाखल झाली, आणि २४ ऑक्टोबर १८५६ रोजी संबलपुरात नारायणसिंहांना पकडून रायपूरच्या तुरुंगात आणले गेले.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मेरठ आणि दिल्ली पेटली. नागपुरात १३ जूनच्या रात्रीचा उठावाचा बेत फुटला आणि भोसले घराण्यातल्या वृद्ध बांकाबाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध जाऊ दिले नाही. तिथली ठिणगी तिथेच विझली. जुलैच्या अखेरीस हजारीबागचा तुरुंग फुटून संबलपूरचे सुरेंद्र साय मोकळे झाले, आणि ऑगस्टच्या अखेरीस नारायणसिंहही रायपूरच्या तुरुंगातून निसटले. रायपूरच्या छावणीतल्या तिसऱ्या पलटणीच्या देशी शिपायांची त्यांना आतून मदत होती, असे सांगितले जाते. सोनाखानला पोहोचताच त्यांनी सुमारे पाचशे माणसे जमवली, आणि गावाकडे येणाऱ्या वाटा अडथळे रचून रोखल्या.

हे बंड मोडण्यासाठी लेफ्टनंट स्मिथने २० नोव्हेंबर १८५७ रोजी रायपुरातून कूच केले. खरौद येथे त्याने कुमकेची वाट पाहिली, आणि मग देवरीच्या मार्गाने तो सोनाखानवर चालून गेला. या कुमकेत जे होते ते मन विषण्ण करणारे आहे: कटगी, भटगाव, बिलाईगढ येथील जमीनदारांची माणसे इंग्रजांच्या बाजूने उभी होती, आणि देवरीचा महाराज साय तर नारायणसिंहांचा नातलगच होता. जुने वैर, हद्दीचे तंटे आणि सरकारची मेहेरबानी मिळण्याची आशा या तिन्ही गोष्टींनी शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभे केले. १ डिसेंबरला स्मिथ सोनाखानात शिरला, तेव्हा गाव बहुतेक रिकामे होते. त्याने त्याला आग लावली. वरच्या डोंगरातून गोळीबार झाला, आणि जळत्या गावाच्या उजेडात आपले थोडके सैन्य टिकणार नाही हे पाहून तो रात्रीपुरता मागे हटला. दुसऱ्या दिवशी अधिक माणसे येऊन मिळाली, डोंगराला वेढा पडला, आणि नारायणसिंह हाती लागले. गाव गेले, धान्य गेले, रयत रानोमाळ झाली. अशा अवस्थेत आपल्यापायी आणखी माणसे मारली जाऊ नयेत म्हणून ते आपण होऊन पुढे आले, असे लोक मानतात, आणि त्यांच्या एकंदर वर्तनाशी हे सुसंगत आहे.

१७९८ च्या जूनमध्ये आयर्लंडातल्या बॅलिनाहिंच या लहानशा गावी झालेली लढाई वाचताना मला सोनाखानची आठवण आल्याशिवाय राहत नाही. हेन्री मनरो हा तिथल्या बंडखोरांचा सरदार पेशाने तागाच्या कापडाचा व्यापारी होता; १२ आणि १३ जून असे दोन दिवस त्याने इंग्रज तोफांपुढे तग धरला, गाव जळाले, ज्याच्याकडे तो लपला होता त्यानेच त्याला पकडून दिले, आणि लिस्बर्नच्या भर बाजारात, त्याच्या स्वतःच्या घरासमोर, त्याला फाशी देण्यात आले. लोकांना आपल्या रोजच्या उठण्याबसण्याच्या जागी मृत्यू दाखवावा, म्हणजे पुन्हा कोणी मान वर करणार नाही, ही राज्यकर्त्यांची रीत रायपुरापर्यंत पोहोचली होती. ५ डिसेंबरला नारायणसिंहांना इलियटच्या स्वाधीन केले, चौकशीचा उपचार पार पडला, आणि दहा तारखेला शिक्षेची अंमलबजावणी झाली. सरकारी कागद फाशी म्हणतात; लोकस्मृती त्यांना तोफेच्या तोंडी दिले असे मानते, आणि १९८७ मध्ये भारत सरकारने काढलेल्या टपाल तिकिटावरही तोफेचेच चित्र आहे.

पण रायपूर शहरातली खरी लढाई याच्यानंतर झाली, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. ती सुरू करणारा होता हनुमानसिंह. बैसवाड्याचा हा राजपूत तिसऱ्या पलटणीत दारूगोळ्याच्या कोठारावर नोकरीस होता. १८ जानेवारी १८५८ रोजी, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, तो सार्जंट मेजर सिडवेलच्या घरात शिरला आणि त्याने तलवारीने त्याला ठार केले. तिथून तो छावणीत धावत गेला आणि शिपायांना हाका मारू लागला. आपण क्षणभर थांबून ती वेळ डोळ्यांसमोर आणावी: थंडीचे दिवस, छावणीतल्या चुली पेटलेल्या, निम्म्या शिपायांचे जेवण व्हायचे, आणि अशा वेळी प्रत्येकाला उभ्याउभ्या ठरवायचे आहे की, आपण कोणाचे. काही गोलंदाज तत्काळ त्याला मिळाले. उरलेल्या पलटणीने मात्र त्या हाकेला ओ दिली नाही. इंग्रज अधिकारी धावून आले, त्यांनी निष्ठावंत शिपाई गोळा केले, आणि मग सुमारे सहा तास दोन्ही बाजूंनी गोळीबार चालू राहिला. एका बाजूस दीड-दोन डझन माणसे, दुसऱ्या बाजूस उरलेले ठाणे. काडतुसे संपली तेव्हाच ती माणसे हाती लागली.

सतरा जण धरले गेले. २२ जानेवारीला, म्हणजे अवघ्या चार दिवसांत, सगळ्या पलटणीसमोर त्यांना फाशी देण्यात आले. हवालदार गाझीखान, अब्दुल हयात, मुल्लू, शिवनारायण, पन्नालाल, मातादीन, ठाकूरसिंह, अकबर हुसेन, बल्ली दुबे, लल्लासिंह, बुद्धूसिंह, परमानंद, शोभाराम, दुर्गाप्रसाद, नझर महंमद, शिवगोविंद आणि देवीदीन, अशी त्यांची नावे आहेत. ती सगळीच येथे लिहिली, कारण त्या सहा तासांत जे कोणी होते ते हेच होते, आणि त्यांतल्या कोणत्याही एकाला गाळण्याचा अधिकार आपल्याला नाही. छत्तीसगढच्या मातीशी त्यांचा जन्माचा संबंध असेल-नसेल. सोनाखानच्या धान्याशी तर काहीच नव्हता. तरी हिंदू आणि मुसलमान, ब्राह्मण आणि राजपूत, एका परक्या शहरात एकाच रात्री एकाच बाजूस उभे राहिले.

हा उठाव फसला याचे कारण शौर्याच्या अभावात शोधू नये. दीड महिन्यापूर्वी, सोनाखान लढत असताना, छावणी उठली असती तर स्मिथला पाठीमागून कुमक मिळाली नसती. आणि छावणी उठली तेव्हा सोनाखानची राख झाली होती. रानातला जमीनदार आणि शहरातला शिपाई यांच्यामध्ये निरोप नेणारा, शब्द देणारा आणि घेणारा जो मधला वर्ग असायला हवा होता, तो म्हणजे लेखणीचा आणि पेढीचा वर्ग. आणि हा वर्ग नव्या सरकारच्या दप्तरात आणि बाजारपेठेत स्थिरावू पाहत होता. त्यात आपली मराठी माणसेही होती. गोपाळरावांसारख्यांना आज देशद्रोही ठरवून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. राज्य बुडालेल्या माणसांना पोट होते, घरे होती, आणि दिल्लीत काय चालले आहे याची खात्रीलायक बातमीही नव्हती. परंतु भोसल्यांच्या कारभारात ज्यांनी टाकोळी वसूल केली, त्यांच्यावर त्या रयतेचे काही ऋण होते, आणि १८५७ मध्ये ते फेडले गेले नाही, हे मराठी इतिहासकाराने लिहून ठेवले पाहिजे. याच शहरात पुढे राहिलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०७ साली ‘हिंदी केसरी’ काढून टिळकांचा विचार हिंदी वाचकांपर्यंत नेला, तेव्हा त्या ऋणाची काही अंशी फेड झाली असे मला प्रामाणिकपणे वाटते.

हनुमानसिंह सापडला नाही. सरकारने त्याला पकडून देणाऱ्यास पाचशे रुपयांचे इनाम लावले. त्या दिवसांत ती रक्कम एका शिपायाच्या काही वर्षांच्या पगाराएवढी होती, तरीही कोणी पुढे आले नाही. नारायणसिंहांचे पुत्र गोविंदसिंह पुढे सुरेंद्र सायांना जाऊन मिळाले, आणि १८६० मध्ये त्यांनी देवरीवर चालून जाऊन महाराज सायाला ठार केले. संबलपूरच्या डोंगरांतला लढा जानेवारी १८६४ पर्यंत, सुरेंद्र साय पकडले जाईपर्यंत, चालू होता. तोवर रायपूर मध्य प्रांतातले एक मोठे ठाणे झाले होते आणि त्याच्या वसुलीचे नवे तख्ते तपासले जात होते.