न्याहारी, शिरूर-दौंड परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड तालुक्यांत शेतकरी कुटुंबाकडून घेतला जाणारा दिवसाचा पहिला आहार. झोपेतून उठताच न्याहारी घेण्याचा येथे प्रघात नव्हता. गोठ्यातील व शेतातील पहाटेची कामे उरकल्यावर, सूर्य बराच वर आला म्हणजे ती घेतली जाई. पुष्कळदा ती फडक्यात बांधून बांधावर नेली जाई. हा सर्व प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. पाऊस सामान्यतः ५०० मिमी.च्या आसपास पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. त्यामुळे न्याहारीस काय मिळणार, हे स्वयंपाकघरापेक्षा पाण्यावर अधिक ठरत आले आहे.

यूरोप-अमेरिकेत ओट या धान्याचा भरडा आणि सफरचंद, नासपती यांसारखी शरदातील फळे एकत्र भट्टीत भाजून ऊन न्याहारी करतात. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याच्या घरी ना ओट होता, ना भट्टी. तथापि त्याच ऋतूत विस्तवावर भाजलेले कोवळे धान्य व त्याच्या जोडीस रानचे फळ असा आहार येथेही होता. खरिपाची बाजरी पावसाच्या आरंभी पेरतात. भाद्रपदात कणसातील दाणा दुधाळ अवस्थेतून पुढे सरकून किंचित घट्ट झाला, की अशी कणसे खुडून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. ती गरम असतानाच तळहातांवर चोळून फुंकरीने कोंडा उडवितात व हिरवट दाणे गूळ, मीठ वा चटणीबरोबर खातात. यास निंबूर म्हणतात. रब्बी ज्वारीच्या हुरड्याचाच हा धाकटा भाऊ. परंतु हुरडा हिवाळ्यातला, तर निंबूर पावसाळा सरतानाचा. सीताफळे नेमकी याच सुमारास तयार होतात. फळावरील खवल्यांमधील फटी रुंदावून पांढुरक्या दिसू लागल्या म्हणजे ‘डोळे उघडले’ असे म्हणतात. अशी फळे उतरवून भुशात वा धान्यात अढी घालून पिकवितात. ज्या गुराख्यांना तेवढा धीर नसे, ते अर्धकच्ची फळे त्याच निखाऱ्यांत भाजून खात. साल करपते, पण आतील गर मऊ व गोड होतो.

या प्रदेशातील धान्याहाराचा सर्वांत जुना पुरावा शिरूर तालुक्यातच, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे मिळाला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी व म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सु. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत होय. येथील लोकांचे मुख्य पीक जव हे होते. ओट व जव ही दोन्ही गवताच्या कुळातील थंड हवेची धान्ये असून इनामगावचा शेतकरी जव हिवाळी पीक म्हणून घेत असे. पुराचे पाणी अडविण्यासाठी बांध व ते वळविण्यासाठी पाट यांचे अवशेष तेथे सापडले आहेत. गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा व वाल यांचे जळालेले दाणे, तसेच बोर व जांभूळ यांसारख्या रानफळांच्या बियाही मिळाल्या. घरांत चुली व धान्य दळण्याचे पाटे-वरवंटे होते. ते सकाळी नेमके काय खात, हे दाण्यांवरून ठरविता येत नाही. परंतु भाजलेले वा शिजविलेले जाडे धान्य व हंगामी रानफळे ही जोडी या मातीत सु. साडेतीन हजार वर्षांपूर्वीही होती, एवढे निश्चित म्हणता येते. इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान अधिक कोरडे झाले. गव्हाचे पीक मागे पडले, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकार व पशुपालन यांवरील भर वाढला. पाणी हटले की ताटातील धान्य बदलते, या प्रदेशात पुढे अनेकदा घडलेल्या गोष्टीची ही पहिली ज्ञात नोंद होय.

पुढील काळात जवाची जागा बाजरी व ज्वारी यांनी घेतली. दोन्ही मूळच्या आफ्रिकेतील. बाजरी पश्चिम आफ्रिकेतून भारतात आली. सीताफळ तर अमेरिकेतील असून ते पोर्तुगीजांनी भारतात आणले, असे सामान्यतः मानले जाते. (प्राचीन शिल्पांत ते कोरलेले असल्याचा दावा काही अभ्यासकांनी केला आहे, तो सर्वमान्य नाही.) ज्या न्याहारीस आज अस्सल गावरान म्हटले जाते, तिचे धान्य एका खंडातले व फळ दुसऱ्या खंडातले आहे. त्यामुळे तिच्या गावरानपणास बाध येत नाही. सीताफळाच्या पानांस शेळ्या-गुरे तोंड लावत नाहीत. साहजिकच माळ, ओढाकाठ व बांध यांवर ते राखणीवाचून टिकले आणि ज्याच्याजवळ जमीन नव्हती त्यालाही मिळत राहिले.

रोजची न्याहारी मात्र भाकरीचीच. रात्रीची उरलेली भाकरी, कांदा, मिरचीचा ठेचा, असल्यास ताक. दुभते असलेल्या घरी दूध-भाकरीचा काला व गूळ. तंगीच्या दिवसांत ज्वारीच्या कण्या किंवा आंबील. बाजरीच्या दाण्यात अंकुराचा भाग मोठा असल्याने स्निग्धांश अधिक असतो व तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. पीठ साठविता येत नसल्याने ते वरचेवर ताजे दळणे भाग पडे आणि तो भार स्त्रियांवर पडत असे. न्याहारीची खरी सुरुवात पहाटेच्या जात्यापासून होई. जात्यावर रचल्या गेलेल्या ओव्यांचा फार मोठा संग्रह गी प्वातव्हँ व हेमा राइरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस केला. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. एवढ्या ओव्या रचल्या जाण्यास किती पहाटा जात्याशी गेल्या असतील, याचा हिशोब मांडणे कठीण आहे.

भट्टीतील पाव येथील घरात का रुजला नाही, याचे कारण पुष्कळदा दारिद्र्यात शोधले जाते. ते अंशतःच खरे आहे. गव्हाच्या पिठात चिकटपणा आणणारे ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. त्यामुळे कणीक फुगते व पाव तयार होतो. बाजरी-ज्वारीत ते नसते. म्हणून पीठ गरम पाण्यात मळून, हाताने थापून तव्यावरच भाजावे लागते. ओटच्या पिठाचाही पाव नीट फुगत नाही. स्कॉटलंडमधील शेतकरी त्याची लापशी करी अथवा तव्यावर जाड पोळ्या भाजी. दोन दूरच्या कोरडवाहू व थंड प्रदेशांतील गरिबांच्या आहारात हे जे साम्य दिसते, ते धान्याच्या गुणधर्मातून आलेले आहे. निखाऱ्यांत पुरून भाजण्याची पद्धत येथे सणापुरती उरली. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस खंडोबाला बाजरीचा रोडगा व वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवितात. चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदा व वांगे त्या दिवसापासून पुन्हा खाण्यात येतात.

धान्याच्या पहिल्या वाट्याविषयीचा एक चमत्कारिक आचार शिरूर येथे निर्माण झाला. घोडनदी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या गावी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांचा लष्करी तळ होता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे लढलेली तुकडी येथूनच निघाली होती. या तळावरील कर्नल विल्यम वॉलेस हा १८०९ मध्ये मरण पावला. त्याच्या थडग्यास लोक ‘सत्पुरुष’ म्हणून भजू लागले. सुगीच्या वेळी शिरूर व आसपासच्या खेड्यांतील लोक नव्या धान्याचा नैवेद्य तेथे आणीत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या घरी सकाळी लापशी, पाव व अंडी असत. खेड्यात भाकरी असे. दोन्ही न्याहाऱ्या एकाच गावात वर्षानुवर्षे शेजारी राहिल्या, पण एकमेकींत फारशा मिसळल्या नाहीत. घोडदळाच्या घोड्यांना देखील येथे ओट नव्हे, तर मुख्यतः हरभरा मिळे.

घरात धान्य किती दिवस पुरणार, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीव्र झाला. रोख सारा व सावकारी कर्ज यांमुळे खळ्यावरील धान्य घरी येण्यापूर्वीच त्यावर दुसऱ्याचा हक्क लागे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथील गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. मे १८७५ मध्ये त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगल उसळून कर्जरोखे जाळण्यात आले. त्यापाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जाच्या दाव्यांस काही आळा बसला. तथापि हॅरल्ड मान व ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी करून १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्या स्वतःच्याच साध्या राहणीस पुरेसे नव्हते, असे आढळले. अशा घरी न्याहारी वगळली जाई किंवा ती स्त्रियांच्या वाट्याची वगळली जाई. हा दुसरा प्रकार कोणत्याही तक्त्यात सहसा उमटत नाही.

दौंडच्या बाजूस बदल दोन मार्गांनी आला. दौंड-मनमाड लोहमार्गामुळे (१८७८) दौंड हे मोठे प्रस्थानक बनले. रेल्वेच्या वसाहतीत यूरोपीय व अँग्लो-इंडियन कर्मचारी राहू लागले आणि पाव, बिस्किटे व पुढे चहा हे पदार्थ स्थानकाच्या आधाराने गावात शिरले. दुसरा मार्ग पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती संस्थेचा. शारदासदनास स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी १८९० नंतरच्या दशकात केडगावजवळ जमीन घेऊन विहिरी खोदल्या व फळझाडे लावली. १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांत मध्य प्रांत व गुजरातेतून आणलेल्या निराश्रित मुली व स्त्रिया येथेच राहिल्या. शतकाच्या वळणावर त्यांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली होती. उपासमारीतून आलेल्या इतक्या जणींना रोज सकाळी अन्न देणे ही त्या काळी एका स्त्रीने पेललेली असाधारण जबाबदारी होती. फळबागेचा मूळ हेतू मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. बांधावरचे फुकटचे फळ नव्हे, तर विकून उत्पन्न देणारे फळ ही कल्पना तेथे आधीच दिसते.

विसाव्या शतकात हीच कल्पना सर्वत्र पसरली. जी. एस. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९३६ मध्ये निवडलेली ‘गणेश’ ही डाळिंबाची जात व पुढे ‘भगवा’ ही जात यांमुळे शिरूरच्या हलक्या जमिनीत डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. मुठा कालव्याने दौंडकडे व घोड धरणाने (१९६५) शिरूरकडे पाणी आले. त्यामागून ऊस, साखर कारखाने आणि केडगाव परिसरातील गुऱ्हाळे आली. कालव्याखालील बाजरी हटली, गव्हाची पोळी रोजची झाली आणि पिठाच्या गिरणीने स्त्रियांची पहाट मोकळी केली. हा लाभ थोडा नव्हे. पण बांध उसाखाली आले, तशी त्यांवरील सीताफळे व बोरी तुटल्या आणि लागवडीचे फळ पेटीत भरून शहराकडे जाऊ लागले. १९७२ च्या दुष्काळात तर पाणलोटाबाहेरील गावे परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर व दुष्काळी कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर जगली. त्यानंतरच्या पिढीत चहा व त्यात बुडवून खाण्याचे टोस्ट-बिस्कीट हीच पुष्कळ घरांतील पहिली न्याहारी ठरली.

या बदलात काय गमावले, याचा अंदाज एका वैद्यकीय अभ्यासावरून येतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३–९६ या काळात पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली. तीत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. भरले. मातेच्या आहारातील एकूण ऊर्जा वा प्रथिने यांचा बालकाच्या आकारमानाशी स्पष्ट संबंध आढळला नाही. तो आढळला हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार खाण्याशी (२००१). माळावरचे सीताफळ ही केवळ मुलांची चंगळ नव्हती, असे या निष्कर्षावरून मानण्यास जागा आहे. बाजरीविषयीही अशीच पुनर्परीक्षा झाली. २०१२ मध्ये प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ या लोहसमृद्ध वाणाच्या भाकरीने किशोरवयीन मुलांच्या शरीरातील लोहाचे प्रमाण सुधारते, असे शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील चाचणीत दिसून आले. भारत सरकारने २०१८ मध्ये बाजरी-ज्वारीची गणना पोषक तृणधान्यांत केली आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले.

आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या दुकानांत ओटची पाकिटे मिळतात आणि पाळीवर जाणारे कामगार ते दुधात शिजवून खातात. त्याच तालुक्यातील मोराची चिंचोली येथे हिवाळ्यात शहरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी शेतात आगटी पेटवून ज्वारीचा हुरडा भाजला जातो. माणशी पैसे घेऊन तो गूळ, दही व शेंगदाण्याच्या चटणीबरोबर देतात. भाद्रपदातील निंबुराला असा पाहुणा अद्याप लाभलेला नाही. तो मिळतो तो जिरायत बाजरीच्या शेतातच, कणीस पक्के होण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत.