सही कोणाची, पैसा कोणाचा?

नांदगावच्या स्टेशनावर उभे राहिले की भुसावळकडून मुंबईला धडधडत जाणाऱ्या मालगाड्या दिसतात. हा लोहमार्ग घातला गेला तो १८६० नंतरच्या दशकात. त्याच दशकात मुंबईच्या बाजारात जे घडले, त्याची आठवण मला परवा वर्गात झाली. विषय सत्यम कंप्युटर्सचा निघाला होता. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तपासनिसाची सही असताना हिशेब खोटा कसा?"

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्या वेळच्याच. त्यांना तिखटमीठ लावलेले असेल, ते सोडून द्या. पैसा मात्र खरा होता, आणि तो मुंबईत साचला. मग कंपन्यांचे पीक आले. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० वर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती बरे का!

तुम्ही म्हणाल, शंका कोणालाच आली नाही? आली असेलच. पण शंकेला उत्तर तयार होते. बँक ऑफ बॉम्बे कर्ज देते ना? त्या बँकेत खुद्द सरकार भागीदार आहे ना? प्रेमचंद रायचंदांसारखा हुशार माणूस यात आहे ना? जो तो दुसऱ्याच्या नावाकडे बोट दाखवी. आणि बँक काय करीत होती? १८६३ च्या कायद्याने तिला शेअर तारण घेण्याची मोकळीक मिळाली होती. शेअर गहाण टाकायचे आणि त्या पैशांनी आणखी शेअर घ्यायचे. भिंतीला भिंतीचाच टेकू!

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आले नि कापूस कोसळला. १ जुलैला मुदतीचे सौदे मिटवायचे होते. ते कोण मिटवणार? घरेच्या घरे बसली. बँकही १८६८ मध्ये बंद पडली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी मंडळाने मग संचालकांच्या ढिलाईवर बोट ठेवले. पण भागधारकांचा पैसा तोवर गेला होता.

सत्यमकडेही अशी उत्तरे होती : नामांकित तपासनीस, न्यूयॉर्कच्या बाजारातली नोंद, शिवाय चोख कारभाराबद्दल २००८ चा पुरस्कार. १६ डिसेंबर २००८ ला संचालकांनी अध्यक्ष रामलिंग राजूंच्या मुलांच्या दोन कंपन्या विकत घेण्याचे ठरवले. या वेळी मात्र भागधारक नावांना भुलले नाहीत. आमच्या पैशाने घरच्या कंपन्या कशाला, असा त्यांनी गिल्ला केला, आणि काही तासांतच तो बेत सोडावा लागला. ७ जानेवारी २००९ ला राजूंनी स्वतःच लिहून दिले, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची शिल्लक मुळात नाहीच. त्या खरेदीने खोट्या मालमत्तेच्या जागी खरी भरायची होती. म्हणजे त्या रात्रीच्या आरडाओरड्याने एक बुजवाबुजवच अडली.

त्याच वर्षी टेक महिंद्राने ती कंपनी घेतली. विद्यार्थी पुन्हा म्हणाला, "मग सही बघायचीच नाही का?" मी म्हटले, सही जरूर बघ, पण शिल्लक किती ते तपासनिसाने परभारे बँकेला विचारले होते का, तेही बघ. सत्यमच्या बाबतीत तेवढेच नीट झाले नव्हते.