स्कॅनिंगचा दंडक आणि देवनागरीचा अनुस्वार

अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली फिरत्या दंडगोलावर एक छायाचित्र बसवून, त्यावरून परतणारा प्रकाश बिंदूगणिक मोजत ते संगणकात उतरवले. कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे ते चित्र आडवे १७६ व उभे १७६ बिंदू एवढेच होते. शिवाय प्रत्येक बिंदू एक तर काळा किंवा पांढरा असल्याने, किती गडद छटेला काळे मानायचे ही सीमा, म्हणजे थ्रेशोल्ड, आधी ठरवावी लागे. ही सीमा बदलत तेच चित्र पुन्हा टिपून एकत्र केले की मधल्या करड्या छटाही मिळतात, हे तेव्हाच दिसून आले. इंचाला किती बिंदू (डीपीआय) आणि बिंदूला किती छटा, हे स्कॅनरपुढचे दोन प्रश्न असे मुळापासूनचे आहेत.

पुढे १९९०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात जीर्ण ग्रंथांच्या जतनासाठी या प्रश्नांचे गणित मांडले गेले. रोमन लिपीतील लहान ‘ई’ची उंची प्रमाण धरून, एक मिलिमीटरचे अक्षर उत्तम उमटण्यास काळ्या-पांढऱ्या चित्रात सुमारे ६००, तर करड्या चित्रात सुमारे ४०० डीपीआय लागतात, असे त्यातून निघाले. ए-फोर आकाराचे पान पहिल्या पद्धतीने सुमारे ४४ लाख बाइट, तर दुसऱ्या पद्धतीने दीड कोटींहून अधिक बाइट व्यापते. साठवण महाग असताना पहिली पद्धत रूढ व्हावी, हे स्वाभाविकच होते.

भारतात ग्रंथांचे स्कॅनिंग करणाऱ्या मिलियन बुक प्रकल्पातही ६०० डीपीआयचा हाच काळा-पांढरा दंडक होता आणि त्यात मराठी ग्रंथही आले. परंतु देवनागरीत अर्थ पुष्कळदा अक्षराहून कितीतरी लहान अशा टिंबावर अवलंबून असतो. पिवळ्या पडलेल्या कागदावर सीमा गडदाकडे झुकली की अनुस्वार गळून ‘त्यांचा’चे ‘त्याचा’ होते. फिकटाकडे झुकली की अक्षरांच्या पोकळ्या बुजतात आणि मागच्या पानाची शाई पुढे उमटते.

करड्या चित्रावरून काळे-पांढरे चित्र केव्हाही करता येते, उलट मात्र गेलेल्या छटा परत मिळत नाहीत. म्हणून साठवण स्वस्त झालेल्या काळात जुन्या मराठी ग्रंथांची मूळ प्रत ४०० डीपीआयला, करड्या किंवा रंगीत छटांत आणि तपशील न गाळणाऱ्या टिफ स्वरूपातच जपली पाहिजे.